टेस्टमध्ये वेग ५३०, पण जुनी पत्रिका उघडायला दीड मिनिट: एसएसडीला नेमकं काय झालंय?

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री १०:५०

मी मिरजेत घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादं पुस्तक. कॉम्प्युटर २०२० च्या दिवाळीत जुळवून घेतला. आय३ नववी पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०, ४८० जीबीची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क, साटा केबलने जोडलेली). शिवाय आधीच्या मशीनमधून काढलेली १ टीबीची साधी हार्डडिस्क आत जोडलेली आहे. काम सगळं एसएसडीवर, आणि दर रविवारी त्या आठवड्यात बदललेल्या फाइल हार्डडिस्कवर टाकते.

गेलं वर्षभर मशीन हळू होत चाललंय. आधी बटण दाबून चहाचं आधण ठेवून आले की सगळं तयार असायचं. आता चहा पिऊन, कप विसळून आले तरी खालच्या पट्टीवर आयकॉन उमटतच असतात. घड्याळ लावून मोजलं तर १ मिनिट ५० सेकंद. कोरलड्रॉ, म्हणजे पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर, उघडायला त्यापुढे सव्वा मिनिट.

शनिवारी एक जोडपं आलं होतं. २०२१ साली त्यांच्या लग्नाची पत्रिका मीच केली होती. आता मुलीच्या बारशाला त्यांना तोच मोर आणि तीच वेलबुट्टी हवी होती. ९० एमबीची फाइल. क्लिक केलं आणि दीड मिनिट नुसतं गोल फिरत राहिलं. बाळ रडायला लागलं, आई त्याला घेऊन अंगणात गेली, आणि मी त्या माणसासमोर स्क्रीनकडे बघत बसले. पण मागच्या महिन्यात केलेली स्मरणिका १२० एमबीची आहे आणि ती ७-८ सेकंदांत उघडते. मोठी फाइल पटकन आणि लहान फाइल हळू, हे मला काही केल्या समजत नाही.

एका दुकानातल्या मुलाला बोलावून दाखवलं. त्याने डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टल डिस्क मार्क चालवलं. वाचन सेकंदाला ५३० एमबी, लेखन ४६०. म्हणाला, ‘ताई, एसएसडी नव्यासारखी आहे, विंडोजचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारू.’ मी नको म्हटलं. तुळशीची लग्नं लागल्यापासून सराई सुरू आहे, हातात नऊ पत्रिका आहेत आणि फॉरमॅट केलं की श्रीलिपी आणि बाकीचे सगळे फॉन्ट पुन्हा बसवण्यात दोन दिवस जातात.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये हेल्थ ९१%, तापमान ३८ अंश. सी ड्राइव्ह दिसतो ४४७ जीबी, त्यातले ३१ जीबी रिकामे. जुनी फाइल उघडत असताना टास्क मॅनेजर पाहिला, तर डिस्क १००% आणि वाचनाचा वेग सेकंदाला फक्त १ ते २ एमबी. रॅम तेव्हा ६०% च्या आसपास होती. व्हायरस तपासून झाला, काही नाही.

५३० वेगाची डिस्क २ एमबीवर का रेंगाळते, हे कुणी समजावून सांगाल का?

---

निशाचर | मंगळवार, रात्री ११:३५

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ३१ जीबी रिकामे हे फार कमी आहे. एसएसडी इतकी भरली की तिला आतल्या आत आवराआवर करायला जागा उरत नाही.

शाळेतली पाटी डोळ्यांसमोर आणा. फ्लॅश म्हणजे एसएसडीतली साठवणीची चिप. तिच्या पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायची तर पूर्ण पाटीच पुसावी लागते. एका पाटीवरच्या निम्म्या ओळी तुमच्या कामाच्या आणि निम्म्या रद्द झालेल्या असतील, तर आधी कामाच्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या आणि मगच ही पाटी पुसायची. कोऱ्या पाट्याच शिल्लक नसतील, तर प्रत्येक लिहिण्याआधी ही धावपळ करावी लागते. कोणत्या ओळी रद्द झाल्या हे विंडोज एसएसडीला कळवतं, त्यालाच ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून ते आहे.

तर ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडा. सी समोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना आणि शेवटचं ऑप्टिमाइझ कधी झालं, हे बघा. दुसरं म्हणजे कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एफएसयूटिल’ची ‘डिसेबल डिलीट नोटिफाय’वाली क्वेरी द्या. उत्तर ० आलं तर ट्रिम चालू आहे. शून्य बघून बरेच जण घाबरतात, पण तिथे शून्य म्हणजे ‘बंद केलेलं नाही’.

एक विचारायचं राहिलं. काम संपल्यावर तुम्ही बोर्डावरचं बटण लगेच बंद करता का? ही आवराआवर मुख्यतः मशीन चालू पण कामाविना असताना होते.

---

कऱ्हाडकर७ | बुधवार, सकाळी ८:१०

आमच्याकडे हुबेहूब असंच झालं होतं आणि निघाली साटा केबल! वाकून क्लिप सैल झाली होती. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये सी७ क्रमांकाची ओळ बघा, सीआरसी एरर काउंट (केबलमधून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजणी). तो आकडा रोज वाढत असेल तर केबल बदला, फार महाग नसते. नुसता आकडा आहे पण वाढत नाही, तर ती जुनी गोष्ट, सोडून द्या.

आणि फॉन्ट किती आहेत? दोन हजार फॉन्ट टाकले की कोरल रडतंच.

यातून काही निघालं नाही तर एकदा डीफ्रॅग करून बघा. आमच्या शेजारच्या स्टुडिओत त्याने फरक पडला होता.

---

जुना मेकॅनिक | बुधवार, दुपारी २:२५

मी ३४ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, फ्लॉपीच्या काळापासून. या बाईंनी प्रश्नातच अर्धं उत्तर लिहिलंय, ते कुणी उचललेलं दिसत नाही. जुनी फाइल हळू आणि नवी फाइल जलद. जागा भरल्याचा त्रास मुख्यतः लिहिताना होतो, आणि ह्यांचा त्रास वाचतानाचा आहे. केबल खराब असती तर जुनं-नवं सगळंच अडखळलं असतं. फॉन्ट जास्त असते तर स्मरणिकासुद्धा रखडली असती.

मला वाटतं तुमच्या एसएसडीतला जुना डेटा ‘शिळा’ झालाय. कसा ते सांगतो.

फ्लॅशच्या प्रत्येक पेशीत विजेचा अगदी बारीक भार साठवलेला असतो. आताच्या बहुतेक स्वस्त एसएसडी टीएलसी प्रकारच्या असतात, म्हणजे एका पेशीत ३ बिट. ३ बिट म्हणजे भाराच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या. वर्ष-दोन वर्षं त्या पेशीला कुणी हात लावला नाही की भार हळूहळू गळतो आणि पातळ्या सरकतात. कंट्रोलर (एसएसडीचा कारभार बघणारी चिप) वाचायला जातो तेव्हा चुका येतात. चूक दुरुस्तीचं गणित त्यातल्या काही सावरून घेतं. नाही सावरल्या तर कंट्रोलर मोजण्याची पातळी जरा हलवून पुन्हा वाचतो, मग पुन्हा, मग पुन्हा. फाइल शेवटी बरोबर येते, म्हणून कुठेही ‘एरर’ दिसत नाही. फक्त वेळ जातो. तुमचा १००% बिझी आणि २ एमबीचा वेग म्हणजे हेच वारंवार वाचणं असणार.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. २०१४ साली सॅमसंगच्या ८४० ईव्हो ह्या टीएलसी एसएसडीवर जगभरातल्या लोकांना हेच दिसलं होतं, जुन्या फाइल वाचायला हळू आणि नव्या जलद. कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात नवं फर्मवेअर (एसएसडीच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) काढलं, ते पुरलं नाही म्हणून २०१५ च्या एप्रिलमध्ये आणखी एक काढलं. त्या दुसऱ्यात जुना डेटा अधूनमधून आपोआप नव्याने लिहिला जाण्याची सोय होती. चांगलं फर्मवेअर हे काम गुपचूप करत असतं. सगळ्यांचं तितकं चांगलं नसतं.

आणि त्या मुलाचं ५३०? क्रिस्टल डिस्क मार्क स्वतःची फाइल त्याच क्षणी लिहितं आणि लगेच तीच वाचतं. आत्ता तव्यावरून उतरलेली भाकरी मऊच लागणार. डब्यात तळाशी परवाची कशी आहे, ते त्या टेस्टला कधी कळत नाही. मुलाने खोटं सांगितलं नाही, टेस्टच दुसऱ्या प्रश्नाची होती.

खात्री करायची असेल तर मशीन रीस्टार्ट करा, नाहीतर विंडोज रॅममध्ये धरून ठेवलेली प्रत देईल आणि फसाल. मग २०२१ सालातलं एक फोल्डर आणि मागच्या महिन्यातलं एक फोल्डर, साधारण सारख्या आकाराची, हार्डडिस्कवर कॉपी करा आणि वेळ लिहून ठेवा. फोल्डर मोठ्या फाइलींची निवडा. बारीकसारीक हजार फाइल असल्या की कॉपी तशीही हळू होते. तुमची हार्डडिस्क १३०-१५० च्या पुढे लिहू शकणार नाही, तेव्हा नव्या फोल्डरला तेवढा वेग मिळाला की एसएसडी पास समजा.

डीफ्रॅगबद्दल एक. कऱ्हाडकर, तुमच्या शेजाऱ्याला फरक पडला ते खोटं नाही. पण डीफ्रॅगने फाइल इकडच्या तिकडे हलवल्या, म्हणजे त्या नव्याने लिहिल्या गेल्या. तुकडे जुळल्याने काही झालं नाही, एसएसडीला तुकड्यांचा फारसा त्रास नसतोच. औषध लागू पडलं, पण कारण वेगळं होतं. शिवाय ज्या फाइलचे तुकडे झालेले नाहीत, ती डीफ्रॅग हलवेलच असं नाही. बाईंकडे ३१ जीबीच जागा आहे, त्यांनी ह्या वाटेला जाऊ नये.

---

व्हिडिओवाला | बुधवार, सायंकाळी ६:४०

मधेच विचारतो. माझी १ टीबी एनव्हीएमई (साटापेक्षा जलद जोडणीची एसएसडी) आहे, क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत ४ बिट. लग्नाचं शूटिंग कार्डावरून टाकताना पहिले ४०-५० जीबी मस्त जातात, मग वेग एकदम ७०-८० वर येतो. हाच आजार का?

---

निशाचर | बुधवार, सायंकाळी ७:०५

नाही, तुमचं वेगळं. तुमचं लिहिताना होतंय. अशा एसएसडी रिकाम्या पेशींत तात्पुरता एकेकच बिट भरून पटापट लिहितात, त्याला एसएलसी कॅश म्हणतात. ती भरली की ४ बिटांत थेट लिहावं लागतं आणि वेग कोसळतो. ड्राइव्ह जितका भरलेला तितकी ही कॅश लहान. थोडं थांबून पुढचं कार्ड टाका आणि जागा मोकळी ठेवा. त्यात बिघाड नाही. तापमानही एकदा बघून घ्या, एनव्हीएमई फार तापली तर स्वतःहून वेग कमी करते.

मेकॅनिक काका, जुन्या-नव्या फाइलचा मुद्दा माझ्याकडून सुटला. बरोबर आहे तुमचं.

---

अक्षरजुळणी | गुरुवार, रात्री ११:२०

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. वहीत लिहिलेलं इथे उतरवते.

२०२१ चं ‘मे लग्न’ फोल्डर, १.२ जीबी: ११ मिनिटं १० सेकंद.
मागच्या महिन्यातलं स्मरणिकेचं फोल्डर, तेही १.२ जीबी: १० सेकंद.

दोन्हींच्या आधी रीस्टार्ट केलं होतं. ११ मिनिटांचा आकडा बघून विश्वास बसेना, म्हणून २०२२ चं एक फोल्डरही करून बघितलं. ते चार मिनिटांत गेलं. जितकं जुनं तितकं हळू, अगदी पायऱ्या असल्यासारखं.

मग एचडी ट्यून ह्या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कच्या वाचनाच्या वेगाचा आलेख काढला. डावीकडची पट्टी तळाला चिकटून सरपटत जाते, मध्ये दातेरी होते आणि उजवीकडे वर जाऊन सरळ रेघ. दुकानातला मुलगा आज पुन्हा आला होता, त्यालाही दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेला.

बाकीच्यांनी विचारलं त्याची उत्तरं: ट्रिम चालू आहे, ० आलं. शेवटचं ऑप्टिमाइझ मात्र २१४ दिवसांपूर्वीचं होतं. आणि हो, मी काम संपलं की बोर्डावरचं बटण लगेच बंद करते, लहानपणापासूनची सवय. सी७ चा आकडा ३ आहे आणि दोन दिवसांत हललेला नाही. फॉन्ट १,८०० च्या वर आहेत.

त्यावरून एक सुचलं, बरोबर आहे का सांगा. ते फॉन्ट मी २०२० मध्ये एकदा बसवले आणि त्यानंतर त्यांना कुणी हात लावलेला नाही. म्हणजे या डिस्कवरचा सगळ्यात शिळा माल तोच. आणि कोरल उघडताना रोज तोच वाचला जातो. सव्वा मिनिट त्यातच जात असेल का?

---

जुना मेकॅनिक | शुक्रवार, सकाळी ९:१५

शाब्बास. फॉन्टचं तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. विंडोजच्या बऱ्याच फाइलींचंही तसंच, म्हणून सुरू व्हायला वेळ.

आलेखाच्या उजवीकडची सरळ रेघ मात्र खरी मानू नका. तो रिकामा, ट्रिम झालेला भाग आहे. तिथे वाचायला सांगितलं की कंट्रोलर फ्लॅशपर्यंत जातच नाही, जागेवरून शून्यं देऊन टाकतो.

आता उपाय. डेटा पुन्हा लिहिला की पेशींत भार ताजा होतो, एवढंच तत्त्व. पण कशालाही हात लावण्याआधी बॅकअप. ज्या पेशी वाचायला कंट्रोलर इतका झगडतोय, त्यांतल्या काही उद्या अजिबात वाचल्या जाणार नाहीत. हार्डडिस्कवरच्या जुन्या पत्रिकांपैकी दहा-पंधरा, वेगवेगळ्या वर्षांतल्या, तिथूनच उघडून बघा. मग बाहेरची एक वेगळी डिस्क घेऊन तिच्यावर दुसरी प्रत करा. दोन जागी असल्याशिवाय एसएसडीवरून काही पुसू नका. ती हार्डडिस्क स्वतःच म्हातारी आहे, हे विसरू नका.

तुमचं नशीब म्हणजे जुन्या पत्रिका हार्डडिस्कवर आधीच आहेत. तेव्हा त्या एसएसडीवरून रडतखडत वाचायची गरज नाही. २०२३ च्या आधीची फोल्डरं एसएसडीवरून काढून टाका, ऑप्टिमाइझ दाबा, रात्रभर मशीन चालू ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. मग जी खरोखर लागतात तेवढीच हार्डडिस्कवरून परत आणा. जागाही मोकळी होईल.

राहिलं विंडोज आणि फॉन्ट. त्यासाठी पूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि तीच परत एसएसडीवर उतरवायची. फॉन्ट पुन्हा बसवावे लागणार नाहीत. इमेज घ्यायला मात्र वेळ लागेल, मधे बंद करू नका. ज्या दिवशी तुमच्याकडे वीज मंडळाची दुरुस्तीची सुटी असते तो दिवस टाळा.

---

निशाचर | शुक्रवार, सकाळी १०:३०

यात भर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नववी पिढी विंडोज ११ ला चालते, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागेल. आता नको, सराई झाल्यावर करा. आणि एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर फर्मवेअर नवं आलंय का ते बघा. फर्मवेअर बदलण्याआधीही बॅकअप हवाच.

---

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री ९:४५

झालं! सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

शुक्रवारी बाहेरची २ टीबीची हार्डडिस्क आणली. आधी जुन्या पत्रिका उघडून पाहिल्या. पंधरापैकी चौदा नीट उघडल्या. एक, २०१९ ची, हार्डडिस्कवरच्या प्रतीत बिघडलेली निघाली. एसएसडीवर ती होती आणि सहा मिनिटं घेऊन का होईना, उघडली. काकांचं न ऐकता आधी पुसलं असतं, तर ती कायमची गेली असती. मग रात्री बसून सगळी वर्षं तपासली. आणखी दोन तशाच निघाल्या, त्याही वाचवल्या.

त्यानंतर जुनी फोल्डरं काढली. सी वर आता २०४ जीबी रिकामे आहेत. इमेज शनिवारी संध्याकाळी लावली, रविवारी सकाळी साडेसात वाजता संपली. सुरुवातीचे काही तास टक्क्यांचा आकडा हलतच नव्हता, मी दोनदा उठून बघून आले. परत उतरवायला मात्र पाऊण तासही लागला नाही.

आता बटण दाबल्यापासून २२ सेकंद. कोरलड्रॉ ९ सेकंद. मोराची पत्रिका ५ सेकंद. त्या जोडप्याला आज दुपारी बोलावून बारशाचं आमंत्रण समोर बसून पूर्ण केलं, बाळ पूर्ण वेळ झोपलेलं होतं.

फर्मवेअर नवं काही नाही, पाहिलं. म्हणजे हे पुन्हा होणार ना? आणि बॅकअपसाठी एक नवी एसएसडी घेऊन कपाटात ठेवावी असं मिस्टर म्हणतायत. घेऊ का?

---

जुना मेकॅनिक | सोमवार, रात्री १०:३०

पुन्हा होईल, पण हळूहळू. आज एक मोठ्या फाइलींचं फोल्डर ठरवा, त्याला लागलेला वेळ वहीत लिहा आणि दर सहा महिन्यांनी त्याच फोल्डरला रीस्टार्ट करून पुन्हा मोजा. त्याला मधे हात लावू नका. वर्षाने थोडं घसरलं तर परत इमेज उतरवा. चार-सहा महिन्यांतच घसरलं तर ती एसएसडी कामातून काढा, हेल्थ ९१% दाखवत असली तरी. तो आकडा बहुधा किती लिहिलं गेलं यावरून काढलेला असतो, भार किती टिकतो ते त्यात दिसत नाही.

आठवड्यातून एक रात्र मशीन चालू राहू द्या.

कपाटात ठेवायला एसएसडी घेऊ नका. वीज नसताना तिच्यातला भार गळत राहतो, कंट्रोलरला काही करता येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात आणखीच. कपाटासाठी साधी हार्डडिस्कच बरी, ती २ टीबीची ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून जोडा. आत आहे ती जुनी १ टीबी मात्र बदला. तीन फाइल तिच्यावर बिघडलेल्या निघाल्यात, पैसे तिकडे घाला.